पाण्यावरची हद्द

16 डिसेंबर 2024, सोमवार

पहाटे साडेपाचला अंगणात आले तर धरण दिसतच नव्हतं. पाण्यावरून वाफ उठत होती आणि ती अंगणातल्या शेवग्यापर्यंत आली होती. पैलतीर नाही, होड्या नाहीत, आकाशसुद्धा नाही. कुठून तरी वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता.

आमची वस्ती पळसदेवच्या खालच्या अंगाला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. पाठीमागे पुणे-सोलापूर महामार्ग, रात्रभर घरघरत असतो. पुढे पाणी, आणि पाण्यापलीकडे करमाळा तालुका. तिथे माझं माहेर. सासरच्या ओट्यावर उभं राहिलं की माहेरचे दिवे मोजता येतात, पण ते सोलापूर जिल्ह्यातले आणि आम्ही पुणे जिल्ह्यातले. दोन जिल्ह्यांची हद्द भीमेच्या पात्रातून जाते. ते पात्र आता तळाशी आहे. हद्दीची ती रेघही पाण्याखालीच.

रात्री हे केळीला पाणी द्यायला गेले होते. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट. आठ तास मिळते, तेवढ्यात सगळं उरकायचं. कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, बाहेर येणारा घड मानेत अडकतो. आलेल्या घडाची साल आतून काळवंडते आणि असा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून घडांना पिशव्या घातल्या आहेत, बांधाला ओला पालापाचोळा पेटवून धूर केला आहे. पाणी हवेपेक्षा कोमट, ते रात्री सोडलं की जमीन ऊब धरून राहते. हे परत आले तेव्हा मिशीवर दव साचलं होतं. चहाची कपबशी दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसते बसले होते.

"किती असंल?" मी विचारलं.

"आठ-नऊ असंल," म्हणाले. "पर पाण्याकडंनं वारं आलं की चारच वाटतंय."

19 डिसेंबर, गुरुवार

आज धक्क्यावर गेले. धक्का म्हणजे दगड टाकून केलेला उतार, होड्या लावायची जागा. शेजारच्या वस्तीवरचं मासेमार जोडपं जाळी उचलून आलं होतं. तो वल्हवतो, ती जाळं ओढते. पत्र्याची होडी, तळाला दोन बोटं पाणी, त्यात बायकोचे पाय. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे उचलायची, हा त्यांचा बारमाही क्रम. जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून थर्माकोलचे तुकडे बांधलेले असतात. धुक्यात ते दिसत नाहीत, म्हणून ती हातानं दोर चाचपत पुढे जाते.

मी तिच्याजवळ बसून बघत राहिले. जाळ्यात अडकलेली चिलापी सोडवणं हे नाजूक काम आहे. आसाचा, म्हणजे जाळ्याच्या चौकटीचा, धागा कल्ल्यामागे रुतलेला असतो. डाव्या हातानं मासा आवळायचा, उजव्या हाताच्या नखानं धागा वर उचलायचा आणि मासा पुढच्या अंगानं काढायचा. मागे ओढला तर पाठीवरचे काटे तळहातात घुसतात. उन्हाळ्यात ती बोलता बोलता हे करते. आज बोटं ऐकत नव्हती. दर चार-पाच माशांनंतर ती हात पाण्यात बुडवायची.

"अगं, गार नाही का लागत?" मी म्हटलं.

"काकू, पाणी गरम हाय. गार तर वरचं वारं हाय." तिनं माझा हात धरून पाण्यात घातला. खरंच कोमट होतं.

मासळी मात्र कमी. थंडीत चिलापी खोल पाण्यात जाऊन बसते, खात नाही, हलत नाही, जाळ्याला लागत नाही. चिलापी आफ्रिकेतून आलेली, उन्हातली जात. रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगटा हेही असतात, पण उजनीवर पोट भरतं ते चिलापीवर. आज दोन क्रेट भरले. गेल्या महिन्यात चार-पाच भरायचे, असं तो म्हणाला. बर्फाचा चुरा टाकून क्रेट टेम्पोत चढले आणि टेम्पो भिगवणच्या मासळी बाजाराकडे गेला. तिथे लिलाव होतो आणि माल पुढे मोठ्या शहरांकडे जातो.

कमी मासळीला एकटी थंडी जबाबदार नाही. काही जण वडाप लावतात, म्हणजे बारीक आसाचं जाळं ओढतात. त्यात बोटाएवढी पिल्लंही येतात. अंडी घालायच्या आधीच मासा संपला तर पुढच्या साली जाळ्यात काय येणार? तो म्हणाला, "वडापवाल्याला हटकलं की म्हणतो, आमी त्या जिल्ह्यातलं, तुमचा काय संबंध? आता पाण्यात कुटं रेघ वडली का? मासं कुटल्या जिल्ह्याचं?"

हे वाक्य दिवसभर माझ्या मागे लागलं.

22 डिसेंबर, रविवार

सकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल. दादाचा मुलगा रशियात डॉक्टरकी शिकतो. ब्लागोवेश्चेन्स्क असं त्याच्या शहराचं नाव. पहिल्या वर्षी मला ते म्हणता यायचं नाही, आता येतं. आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. इथे दहा वाजले तेव्हा तिथे दीड.

"आत्या, आज उणे पंचवीस," तो म्हणाला आणि मोबाइल खिडकीकडे फिरवला. पांढरंशुभ्र मैदान. मला वाटलं शेत असेल. ती अमूर नदी होती, गोठलेली. पलीकडे उंच इमारतींची रांग, ते चीनचं हेइहे शहर. मध्ये नदी किलोमीटरभरसुद्धा नाही.

तिथल्या जगण्याबद्दल मी त्याला नेहमी खोदून विचारते. दोन देश, दोन भाषा, दोन चलनं, आणि दोन्ही शहरं एकमेकांवर जगतात. चीनकडून कपडे, भाजी, यंत्रं, खेळणी येतात. रशियाकडून सोयाबीन जातं, कारण अमूरच्या काठची जमीन सोयाबीनची. उन्हाळ्यात लोक बोटीनं ये-जा करतात. नदी गोठायला लागली किंवा बर्फ फुटायला लागला की हवेच्या गादीवर चालणारं यान असतं. ऐन हिवाळ्यात बर्फावर तात्पुरता रस्ता घालतात आणि त्यावरून बसगाड्या जातात. पक्का पूल 2019 मध्ये बांधून झाला, पण त्यावरून पहिली मालगाडी जायला जून 2022 उजाडलं. करोनामुळे हद्द बंद होती.

"मालगाडी म्हणजे रेल्वे का रं?"

"नाही आत्या, ट्रक. मोठाले ट्रक."

ती हद्द कधी पडली, तेही त्यानं सांगितलं. 1858 साली आयगुन गावी तह झाला आणि अमूर ही दोन साम्राज्यांमधली सीमा ठरली. साल ऐकून मी वही काढली. त्याच 1858 मध्ये पुण्याहून निघालेली रेल्वे डिकसळपर्यंत आली होती. डिकसळ आमच्यापासून जवळच, भिगवणच्या पुढे. तिथून भीमा ओलांडून लोहमार्ग पुढच्या दोन वर्षांत सोलापूरला पोहोचला. तिकडे एका नदीनं माणसं तोडली, त्याच वर्षी इकडे लोहमार्ग दुसऱ्या नदीच्या काठाशी येऊन पुढे जायची तयारी करत होता.

भाचा म्हणाला, "इथं थंडीत नदी रस्ता होते, आत्या. आपली कधी होणार?"

आपल्याकडे बर्फ नाही. पण एके काळी आपलीही होत होती. ते पुन्हा लिहीन.

25 डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. कुंभारगावकडे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ. सगळ्यांना रोहित बघायचे. आपल्याकडे काही जण अग्निपंखही म्हणतात, पण टीव्हीवर सगळे फ्लेमिंगोच म्हणतात. नाव काहीही असो, आज ते नव्हते. बोट चालवणारी पोरं पाहुण्यांना समजावून दमली होती.

समजण्यासारखी गोष्ट आहे. रोहित गुडघाभर पाण्यात उभा राहतो, वाकडी चोच उलटी करून चिखलातले जीव आणि शेवाळ गाळून खातो. 2023 च्या पावसाळ्यात धरण भरलं नव्हतं, म्हणून गेल्या हिवाळ्यात काठाला चिखल होता. यंदा धरण तुडुंब आहे. काठ खोल. रोहितांना उभं राहायला जागा नाही, त्यामुळे ते उशिरा येणार. शेतकऱ्याला भरलेलं धरण हवं, पक्ष्याला आणि त्यावर पोट असणाऱ्या पोरांना ओसरतं धरण हवं. दोघांची पोटं एकाच पाण्याच्या वरखाली होण्यावर.

पण पट्टकादंब आले आहेत. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे दोन काळे पट्टे. हे मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर अंडी घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून इथे येतात. मंगोलियात पायात कडी घातलेले हंस भारतात दिसले आहेत. म्हणजे भाच्याच्या त्या गोठलेल्या मुलुखाच्या शेजारचेच हे पाहुणे. आपण ज्या थंडीत कुडकुडतो ती त्यांना ऊबदार वाटते.

बोट चालवणारा एक पोरगा आमच्या नात्यातला. आजोबा होडीवर, बाप मासेमारीवर, हा पक्ष्यांवर. दुर्बीण आहे, पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी नावं पाठ आहेत. "मामी, पाहुणा एकदा आला की चहा, नाष्टा, जेवण, मुक्काम सगळं इथंच करतो. जाळ्यापेक्षा यात बरं हाय, पर सालातनं तीन-चार म्हैनंच." उरलेल्या महिन्यांत तो पुन्हा जाळं विणतो.

29 डिसेंबर, रविवार

दोन दिवस ढग होते, थंडी जरा हटली. आज आभाळ स्वच्छ झालं आणि पुन्हा गारठा पडला.

आमच्या सव्वा एकर उसाला अखेर तोड आली. गळीत हंगाम यंदा 15 नोव्हेंबरला सुरू झाला. कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे हेलपाटे घालून ह्यांच्या चपला झिजल्या. टोळी बीड जिल्ह्यातली, दहा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम संपतो.

टोळी कारखान्याच्या बाजूला कोप्यांत राहते. पहाटे चारला कोपी सोडून फडात येतात. उसाच्या पानावर दव असतं, पहिल्या तासाभरात अंगावरचे कपडे भिजून जातात. एक बाई पाच महिन्यांचं पोर घेऊन आली होती. बांधावर पाचटाचा ढीग केला, त्यात खळगा केला, खळग्यात गोधडी आणि गोधडीत पोर. मी म्हटलं, माझ्याकडे दे. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि दिलं. दुपारपर्यंत ते आमच्या ओट्यावर उन्हात झोपलं. सासूबाईंनी त्याला वाकळ पांघरली, जुन्या लुगड्यांची, चार थरांची.

जेवायला ती पोराला घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "आमच्याकडं बी थंडी असती बाई, पर ती कोरडी असती. ही पाण्याची थंडी हाडात शिरती."

यंदा एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3400 रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरतं ते आमचं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टोळीचे. ते विकून त्यांचा रोजचा बाजार होतो आणि आमच्या जनावरांना हिरवा चारा मिळतो. उजनीच्या पाण्यानं या पट्ट्यात ऊस आला, उसानं कारखाने आले आणि कारखान्यांनी बीडची माणसं आणली. या पाण्यावर किती मुलखांतली माणसं जगतात, याचा हिशेब माझ्या वहीत मावायचा नाही. त्या पोराच्या अंगावरची वाकळ मी तिच्याकडेच राहू दिली.

2 जानेवारी 2025, गुरुवार

आज सासूबाईंना बोलतं केलं. शेकोटीजवळ त्या लवकर बोलत्या होतात.

जुनं पळसदेव नदीच्या काठावर होतं. पळसनाथाचं देऊळ, घाट, बाजारपेठ, वाडे. देवळाचं शिखर विटांचं, खालचं बांधकाम दगडी, खांबांवर कोरीव काम. धरण झालं तेव्हा गाव वर, महामार्गाच्या कडेला आलं आणि देवही वर आला. देऊळ तिथेच राहिलं. गेल्या मे महिन्यात धरण उणे झालं तेव्हा ते पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं आणि लांबलांबून लोक बघायला आले होते. आता पुन्हा पाण्यात आहे.

बाहेरच्यांना हे 'उणे' समजत नाही. उजनी पूर्ण भरलं की 117 टीएमसी पाणी. त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा. वरचं 53 टीएमसी संपलं की शून्य टक्के म्हणतात आणि त्याखाली मोजणी उलटी सुरू होते. आमचं जुनं गाव त्या उण्यातच दिसतं.

"नदी कशी वलांडायचा?" मी विचारलं.

"कशी म्हंजी? चालत! पावसाळ्यात होडी. दसरा-दिवाळी झाली की पाणी उतरायचं. पौषापातूर उतार पडायचा. लुगडं गुडघ्यापातूर वर धरायचं, डोक्यावर गाठुडं, की पल्याड. तिकडच्या बाया इकडं बाजाराला, इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या. वाळूत कलिंगडं असायची. मदी बसून खायची आन् पुढं जायचं."

म्हणजे हद्द तेव्हाही होती. नकाशावर होती, कचेऱ्यांच्या कागदांत होती. पण पायाला ती लागत नव्हती. 1980 मध्ये धरण पुरं झालं, पाणी पसरलं आणि कागदावरची ती रेघ काही किलोमीटर रुंद झाली. हद्द कुणी नव्यानं आखली नाही, पाण्यानं ती खरी केली. माझं लग्न ठरलं तेव्हा आजी म्हणाली होती, "नदीपल्याडच दिली, लांब कुटं?" तिच्या डोक्यात जुनी नदी होती. मी माहेरी पहिली गेले ती एसटीनं, दोन ठिकाणी गाडी बदलून.

धरणानं दिलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आमच्या घरात होती. आज त्याच घरात केळी आहे, ऊस आहे, पोरं शिकली आहेत. पण ज्यांची जमीन गेली त्यांनी पाण्याची किंमत एकदा भरली, आणि दोन्ही काठांवरची माणसं ती दर फेरीला थोडी थोडी अजून भरत आहेत.

6 जानेवारी, सोमवार

दादाचा फोन, पहाटेच. आईला धाप लागली आहे. दर थंडीला तिचा दमा उठतो, पण यंदा रात्रभर बसून काढली. दादा म्हणाला, जवळच्या डॉक्टरांनी भिगवणला न्यायला सांगितलंय.

गाडीनं यायचं तर डिकसळच्या पुलाकडून वळसा. ब्रिटिशकाळातला तो रेल्वेचा पूल. धरण झालं, लोहमार्ग दुसरीकडून गेला आणि जुन्या पुलावरून माणसं आणि गाड्या जाऊ लागल्या. आता तो थकला आहे, जड वाहनांना बंदी आहे. त्यातून मधल्या रस्त्याला खड्डे. दीड-दोन तास आई बसू शकेल का, हा प्रश्न. बोटीनं अर्धा तास.

पण बोट म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी 21 मे रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. आमच्यापासून थोडं खाली, हेच पाणी. त्या आठवड्यात दोन्ही काठांवर कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यानंतर शिरसोडी ते कुगाव पुलाचा विषय पुढे सरकला, मंजुरी मिळाली. तो होईल. पण आईची धाप पुलासाठी थांबणार नाही.

आज दिवसभर वारं होतं, पाण्यावर लाटा. बोटवाला स्वच्छ म्हणाला, "वहिनी, आज न्हाई. पैशाचा इशय न्हाई, वाऱ्याचा हाय. उद्या पहाटं वारं पडंल, धुकं उठलं की निघू." मी रागावले नाही. नाही म्हणणारा बोटवाला मला हवाच होता. दादानं तालुक्यावरून औषध आणि वाफेचं यंत्र आणलं. रात्र काढायची.

7 जानेवारी, मंगळवार

सकाळी आठला धुकं विरलं. आम्ही निघालो. मी, हे, बोटवाला आणि त्याचा पोरगा. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकीट. बोटवाल्यानं आधी दोऱ्या ओढून प्रत्येकाच्या गाठी तपासल्या, मगच इंजिन लावलं.

पाणी काचेसारखं होतं. मध्यावर आल्यावर मला वाटलं, इथेच कुठे तरी खाली ती रेघ असेल. दोन्ही काठ सारखेच दिसत होते. तेच उसाचे फड, तीच केळी, काठावर ओळीनं बसवलेल्या तशाच मोटारी आणि पाण्यात उतरलेले तसेच काळे पाइप. इकडचा शेतकरी पंप चालू करतो आणि तिकडचाही. आमचा पाइप चोरीला गेला की त्यांचाही जातो. पाण्याला हिरवी झाक होती. पुण्याकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, ते दोन्ही काठांना सारखंच मिळतं.

आई काठावर खुर्चीत बसली होती. दादानं तिला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. वाकळ अंगाभोवती गुंडाळली, वर घोंगडी, डोक्याला मफलर, आणि या सगळ्यावरून जाकीट. ते बांधताना आई म्हणाली, "हे कशाला गं? मी काय बुडायला चाललीय?" एवढं बोलताना तिला तीनदा थांबावं लागलं.

परतीच्या वाटेवर मी तिचा हात धरून होते. श्वास घेताना तिचे खांदे वर उचलले जात होते. मी मोजत होते. अलीकडे येता येता सूर्य वर आला आणि पाण्यावरचं ऊन तिच्या तोंडावर पडलं. तिनं डोळे मिटले. पट्टकादंबांचा एक थवा डोक्यावरून गेला, तेव्हा त्यांच्या आवाजानं उघडले.

"कुटनं येत्यात ही?"

"मंगोलियातनं. आपला बाळ आहे ना, त्याच्या तिकडनं."

"एवढ्या लांबनं," ती म्हणाली, "आन् मला ही नदी वलांडंना."

बोटवाल्यानं नेहमीचंच भाडं आणि डिझेल घेतलं, एक रुपया जास्त नाही आणि कमीही नाही. मला ते बरं वाटलं. उपकाराच्या ओझ्याखाली पुन्हा बोट मागवता येत नाही. भाडं दिलं की मागवता येते. काठावर आमची गाडी उभी होती, पाऊण तासात आम्ही भिगवणला. डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन लावला, मग कागद भरला. पत्ता सांगताना दादा म्हणाला, "जिल्हा सोलापूर." लिहिणाऱ्या मुलीनं मान वर करूनही बघितलं नाही. इथे निम्मे रुग्ण तिकडचेच असतात.

13 जानेवारी, सोमवार. भोगी

आई परवा घरी आली. माझ्या घरी. थंडी सरेपर्यंत इथेच राहायचं, असं मी आणि दादानं ठरवलं, तिला विचारलंच नाही.

आज तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, बोरं, उसाची कांडी, सगळं घरचं नाहीतर बांधावरचं. आई आणि सासूबाई दोघी चुलीजवळ. दोघींच्या आठवणीतली नदी एकच, काठ वेगळे. आई म्हणाली, "तुमच्याकडचा घाट मोठा होता." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडची कलिंगडं गोड होती." मी भाकरी थापत ऐकत होते. बहुतेक त्या कधी तरी त्या वाळूत एकमेकींसमोरून गेल्या असतील, गाठुडं डोक्यावर घेऊन.

संध्याकाळी आईला ओट्यावर आणलं. पलीकडे दिवे लागले होते. ती बराच वेळ बघत होती.

"तिथनं मी रोज तुजं गाव बघायची," ती म्हणाली. "आता हितनं माजं दिसतंय."

26 जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. घरी आले तर भाच्याचा फोन. आजीशी बोलायचं होतं. त्यानं बर्फावरचा रस्ता दाखवला, त्यावरून जाणारी बस दाखवली. आई म्हणाली, "हळू जा रं, फुटंल." तिला आता धाप नाही. रात्री सलग झोपते.

शेतीसाठी धरणातून पाणी सुटलं आहे, ते खाली सोलापूरकडे जातंय. काठाला पहिला चिखल दिसायला लागला आणि काल संध्याकाळी कुंभारगावकडे रोहितांचा पहिला थवा उतरल्याचं आमच्या नात्यातल्या बोटवाल्या पोराच्या फोनवरून कळलं. त्याच्या आवाजात सण होता. मासेमार जोडप्याचे आज तीन क्रेट भरले. उसाची टोळी पुढच्या गावाला गेली. केळीचे अडकलेले घड सुटून बाहेर येत आहेत.

दुपारी हे आणि मी मोटारीवर गेलो. पाणी मागे सरलं की फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, उघडा पडतो आणि मोटार हवा ओढते. मार्चनंतर तर पाण्यामागे धावत चारी खणावी लागते. ह्यांनी चिखलात उतरून नवा पाइप बसवला, मी वरून धरला. वीस फुटी पाइप.

हात धुताना मी पलीकडे बघितलं. तिकडच्या काठावरही दोघं जण गुडघाभर चिखलात उभे होते, तेच करत होते. आज दोन्ही काठांवरून एकेक पाइप पुढे गेला. आईचं गाव चाळीस फुटांनी जवळ आलं.